स्लामतान बघावं की कंदुरी?

दोन्ही दुआ मागून एकत्र जेवायचे मुस्लिम विधी: इंडोनेशियाच्या जावा बेटावरचं स्लामतान बघावं की मलय लोकांची कंदुरी, हा पेच अभ्यासकांना पडतो. (कंदुरी आपल्याकडे पीराचीही असते, शब्द मूळ फारसी.)

मृत्यूनंतरचे ३, ७, ४०, १०० हे दिवस दोन्हीकडे. जावात पुढे १००० वा दिवसही. तिथे यजमान भारदस्त जावानीजमध्ये हेतू सांगतो, मोदिन (गावचा धर्मविधी करणारा) अरबीत दुआ मागतो. मधोमध भाताचा शंकू, तुम्पंग. चार घास खाऊन उरलेलं ‘बर्कत’ म्हणून घरी न्यायचं. उशिरा गेलात तर हाती फक्त पुडकं!

कंदुरीत यासीन (कुराणातला अध्याय), तहलील (‘ला इलाह इल्लल्लाह’चा जप), मग निवांत जेवण. रांधायला शेजारपाजार राबतो.

जुन्या जावानीज चालीरीती शोधत असाल तर स्लामतान. पठण आणि शेजारधर्म पाहायचा असेल तर कंदुरी.