विममध्ये एकाच वेळी अनेक शब्द रंगवणं

मागच्या आठवड्यात रात्री विम या टेक्स्ट एडिटरमध्ये अडीच तास लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल) चाळला आणि जे शोधत होतो तेच नजरेतून सुटलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

सर्चचा हायलाइट एकाच पॅटर्नला, म्हणजे शोधायच्या मजकुराला मिळतो, दुसरं शोधलं की पहिल्याचा रंग गेला, हे विमवाल्यांना सांगायला नको. मला मात्र एरर, टाइमआउट आणि एखादा ऑर्डर नंबर हे तिन्ही वेगवेगळ्या रंगांत समोर हवे असतात. तिन्हींचा मिळून एकच पॅटर्न दिला तर सगळंच पिवळं होतं. त्यासाठी पैसे मोजून लॉग व्ह्यूअर घेणं मला पटत नाही, म्हणून मॅच आणि टू-मॅच या विमच्याच कमांडवर भागवत होतो, प्रत्येकीचा एक रंग. तिसरी कमांड थ्री-मॅच कंसांच्या जोड्या दाखवणाऱ्या प्लगइनसाठी राखीव, त्याला हात लावत नाही.

आणि त्या रात्री घात झाला. माझं इग्नोरकेस (लहान-मोठ्या अक्षरांतला फरक न पाहण्याची सेटिंग) कायम चालू असतं. स्लॅश मारून शोधलं की लहान-मोठी अक्षरं सगळी सापडतात. मॅचला ही सेटिंग लागूच होत नाही! मी टाइमआउट लहान टी-ने लिहिला होता, लॉगमधल्या कामाच्या ओळींत तो कॅपिटल टी-ने होता. त्या ओळी कोऱ्याच राहिल्या. पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश आणि छोटा सी घातला असता तर लहान-मोठ्याचा फरक राहिला नसता आणि काम झालं असतं. हेल्पमध्ये तसं लिहिलंही आहे. पण रंग नाही म्हणजे शब्दच नाही, असं डोळे धरून चालतात, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दोनच रंग पुरतात असं मी आधी म्हणायचो, ते आता मागे घेतो. मॅचॲड फंक्शनने हवे तितके पॅटर्न रंगवता येतात. त्याची प्रायॉरिटी (कोणता रंग वर दिसणार हे ठरवणारा आकडा) न सांगता 10 असते आणि सर्चच्या हायलाइटची 0, त्यामुळे सर्चचा रंग खाली दबतो. उणे एक दिलं की सर्च वर येतो. मात्र हे रंग त्या एका विंडोपुरतेच. शेजारच्या विंडोत दुसरा लॉग उघडला की तिथे पुन्हा सगळं टाइप करा.

म्हणून घरच्या मशीनवर शब्द रंगवणारं मार्क नावाचं प्लगइन टाकलं. शब्दावर कर्सर, बॅकस्लॅश एम, आणि सगळ्या विंडोंत रंग. सुरुवातीचे सहा रंग मला पुरतात. क्लायंटच्या सर्व्हरवर प्लगइन टाकायची परवानगी नाही. तिथे मॅचॲडच, पण आता बॅकस्लॅश सी आधी टाइप करतो, शब्द नंतर.