आधी इसाबेला, मग एलिझाबेथ

युरोपातला प्रबोधनकाळ एखाद्या राणीच्या चरित्रातून समजून घ्यायचा असेल, तर बहुतेकांचा हात इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथकडे जातो. माझा आग्रह मात्र आजच्या स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याच्या इसाबेलापासून सुरुवात करण्याचा आहे.

गादी दोघींनाही सुखासुखी मिळाली नाही. एलिझाबेथ तीन वर्षांचीही नव्हती, तेव्हा वडिलांनी, म्हणजे आठव्या हेन्रीने, तिच्या आईचा शिरच्छेद करवला. १५५४ मध्ये सावत्र बहीण मेरीने तिला लंडनच्या टॉवर या किल्ल्यात डांबलं. प्रत्येक शब्द तोलत, संधीची वाट पाहत ती १५५८ साली राणी झाली. इसाबेलाला असं थांबणं मंजूर नव्हतं. सावत्र भाऊ राजा एन्रिकेला न जुमानता तिने १४६९ मध्ये शेजारच्या अ‍ॅरागॉनच्या फर्डिनंडशी लग्न केलं. नवरदेव वेषांतर करून आला होता! १४७४ मध्ये एन्रिके वारला, तेव्हा फर्डिनंड जवळ नव्हता. तरी तिने लगोलग सेगोव्हियात आपल्या नावाची द्वाही फिरवली.

एलिझाबेथने लग्नाची बोलणी वर्षानुवर्षं लांबवून मुत्सद्देगिरी केली. इसाबेलाने लग्न केलं, पण कॅस्टिलवरचा हक्क स्वतःकडेच ठेवला. मला हे दुसरं जास्त अवघड वाटतं.

इसाबेलाचं १४९२ हे वर्ष सावकाश वाचा. जानेवारीत ग्रॅनडाचं मुस्लिम राज्य शरण आलं, मार्चअखेर ज्यूंना बाप्तिस्मा किंवा देशत्याग यांतलं एक निवडायला सांगणारा हुकूम निघाला आणि एप्रिलमध्ये कोलंबसशी करार झाला. प्रौढपणी लॅटिन शिकणारी, विद्वानांना आश्रय देणारी ही बाई हजारो कुटुंबांना देशोधडीला लावते, हे वाचताना जीव तुटतो. एलिझाबेथच्या राज्यातही कॅथलिक धर्मगुरूंना फाशी झाली. तिला सहिष्णू म्हणताना हे विसरू नये.

इसाबेला आधी वाचायचं आणखी एक कारण नात्यागोत्यात आहे. तिची धाकटी मुलगी कॅथरिन ही आठव्या हेन्रीची पहिली राणी. हेन्रीने तिला दूर सारून अ‍ॅन बोलीनशी लग्न केलं आणि त्यातून एलिझाबेथ जन्मली. १५८८ मध्ये इंग्लंडवर आरमार धाडणारा स्पेनचा राजा दुसरा फिलिप हा इसाबेलाचा पणतू. हे घराणं माहीत असेल, तर एलिझाबेथचे शत्रू आयते ओळखीचे होतात. गोव्याचा धागाही इथेच सापडतो: १५६० साली तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा संशय असलेल्यांची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं, तेव्हा पोर्तुगालचा कारभार राजा वयाने लहान असल्यामुळे इसाबेलाची नात पाहत होती; तिचंही नाव कॅथरिनच.

ईस्ट इंडिया कंपनीचं मूळ शोधायचं असेल, तर मात्र थेट एलिझाबेथकडेच जा. कंपनीला सनद तिनेच दिली, ३१ डिसेंबर १६०० रोजी. त्या काळातल्या इंग्रजी नाटकांची ओढ असेल, तरीही तिचीच कारकीर्द आधी घ्या.