न बदललेल्या ईसीएमचे ४२,००० रुपये

हल्लीच्या गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग खरोखर बदलला आहे की नाही, हे मालकाला वरून दिसत नाही, आणि याचाच फायदा घेऊन साताऱ्यातील एका वर्कशॉपने माझ्याकडून ४२,००० रुपये उकळले.

पावसाळ्यात आमच्या बीएस-६ पेट्रोल गाडीचे इंजिन, एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि पॉवर स्टिअरिंगचे दिवे एकदम लागले. वर्कशॉपने स्कॅनर लावून ‘यू०१००’ हा बिघाडाचा कोड दाखवला आणि ‘ईसीएम (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) गेला, बदलावाच लागेल’ असे सांगून स्कॅन रिपोर्टची प्रत एस्टिमेटला जोडली. जुना भाग मागितला, तेव्हा तो कंपनीकडे परत जातो, असे उत्तर मिळाले. विकलेला इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जात नाही, हा शेरा मात्र बिलावर ठळक होता.

पूर्वीच्या आमच्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये असे करणे अवघड होते. कॉइलचा संशय आला, तर मेकॅनिक प्लग काढून इंजिनाला टेकवी आणि स्पार्क पडतो की नाही ते आपल्यादेखत दिसे. आताच्या गाडीत चाकांचा वेग एबीएस मोजते आणि तीच माहिती कॅन नावाच्या दोन तारांवरून स्पीडोमीटर, स्टिअरिंग व इंजिनापर्यंत जाते, त्यामुळे एखादा सांधा सैल झाला तरी तीन-तीन दिवे पेटतात, मालक घाबरतो आणि मोठ्या खर्चाचे निदान त्याला पटते. वास्तविक ‘यू’ने सुरू होणारा कोड संपर्क तुटल्याचे सांगतो, भाग जळाल्याचे नव्हे.

ऊन होते तोवर गाडी ठीक चालली आणि पुढच्या जोरदार सरीत तेच दिवे पुन्हा लागले. या वेळी गाडी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी बॅटरीचे टर्मिनल काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात त्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर मल्टिमीटर धरला. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून सर्व ठीक असल्यास ६० च्या आसपास आकडा यायला हवा. इथे १२० आला, म्हणजे एक टोक तुटलेले होते. वायपरखालच्या जाळीत पाने अडकून पाणी वायरिंगच्या कनेक्टरवर ठिबकत होते आणि त्यातली एक पिन हिरवी पडून खाल्ली गेली होती. ती बदलण्याचे ९०० रुपये झाले.

नंतर त्यांनी स्कॅनरवर रिपोर्ट काढून ईसीएमचा सिरियल नंबर पाहिला. तो वर्कशॉपने ‘बदलण्यापूर्वी’ दिलेल्या रिपोर्टमधल्या नंबराशी अंकन्‌अंक जुळला. मुळात ‘गेलेला’ ईसीएम त्या दिवशी स्कॅनरला स्वतःचा नंबर सांगत होता, हेही तेव्हा ध्यानात आले!

म्हणून असे काम देताना जुना व नवा, दोन्ही सिरियल नंबर बिलावर लिहून घ्यावेत, आणि जुना भाग परत मिळण्याची अट पैसे भरण्यापूर्वीच जॉब कार्डवर नोंदवावी. वायरिंग व कनेक्टर तपासल्याची नोंद नसेल, तर ईसीएमसारखे मॉड्यूल बदलण्यास संमती देऊ नये.

दोन्ही रिपोर्ट जोडून मी वर्कशॉपला पत्र दिले आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास २ वर्षांची मुदत असते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क लागत नाही, त्यामुळे तो मार्गही खुला आहे. रक्कम पुढील सर्व्हिसमध्ये वळती करून देण्याची तयारी वर्कशॉपने तोंडी दाखवली आहे. मी ती नाकारून संपूर्ण परतावा बँक खात्यात मागितला आहे.