जुन्या व्ही-क्रॉसला ओल्ड मॅन एमूचं ४० मिमी लिफ्ट किट: उंची नंतर, आधी वजन

इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप भारतात २०१६ मध्ये आली. त्या पहिल्या, २.५ लिटर इंजिनाच्या गाड्यांचं सस्पेन्शन आता बदलायला झालंय. पुढचे शॉकअप गळतात, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसलेत, शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या कड्यांचे) रबर बुश फाटलेत. एवढं सगळं बदलायचंच आहे तर थोडी उंची का घेऊ नये, असा विचार बरेच मालक करतात आणि त्यांची चौकशी एआरबी या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ओल्ड मॅन एमू या सस्पेन्शन किटपाशी येऊन थांबते. हा आढावा त्यातल्या नायट्रोचार्जर शॉकअपच्या ४० मिमीच्या किटचा आहे.

किट चांगलं आहे. पण विकणारा आधी "किती इंच उचलायची?" असं विचारत असेल, तर चुकीचं किट गळ्यात पडण्याची शक्यता मोठी. पहिला प्रश्न वजनाचा हवा.

ओल्ड मॅन एमूची पुढची कॉइल स्प्रिंग आणि मागचे पाटे गाडीवर कायम असणाऱ्या वजनाप्रमाणे वेगवेगळे येतात. पुढची एक स्प्रिंग मूळ प्लॅस्टिक बंपरसाठी, दुसरी लोखंडी बंपरसाठी, तिसरी बंपर अधिक विंचसाठी (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र). ऑस्ट्रेलियात अनेक पिकअपवर लोखंडी बंपर असतो, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ आणि अभिप्राय बरेचदा त्या जड स्प्रिंगबद्दल असतात. आपल्याकडे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बुलबार (गाडीच्या नाकावरचे लोखंडी संरक्षक गज) मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग ठरवले, त्यामुळे इथल्या गाडीचं नाक हलकं असतं. अशा गाडीला जड स्प्रिंग बसवली की नाक ४० ऐवजी ५५-६० मिमी वर जातं. शॉकअप पूर्ण ताणाच्या जवळ जाऊन उभा राहतो आणि गतिरोधकावरून उतरताना चाक खाली लोंबलं की 'खट्' असा धातूचा आवाज येतो. मग दोष शॉकअपला दिला जातो, चूक असते स्प्रिंगच्या निवडीत.

म्हणून ऑर्डर देण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. साखर कारखान्याचा, खडी क्रशरचा, भंगारवाल्याचा, कुठलाही चालेल. डिझेलची टाकी भरलेली आणि रोजचं सामान हौद्यात ठेवलेलं असू द्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची, अशा तीन पावत्या घ्या. हौद्यावर कॅनोपी, हत्यारांची पेटी, पाण्याची टाकी असं कायमचं किती किलो आहे, हे विक्रेत्याला आकड्यात सांगा. हौदा बहुतेक वेळ रिकामाच असेल तर सगळ्यात हलके पाटे मागा. "पुढे लागतील" म्हणून घेतलेले जड पाटे रिकाम्या गाडीत मागच्या सीटवरच्यांची पाठ मोडतात.

किटच्या यादीत यू-बोल्ट, पाट्यांचे बुश आणि ग्रीस निपलवाली शॅकल आहेत का, ते नीट पाहा. अनेकदा ती वेगळी मागवावी लागतात आणि गाडी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) चढल्यावर हे लक्षात येतं. जुने यू-बोल्ट परत वापरू नका. एकदा पूर्ण ताण घेतलेले त्यांचे आटे दुसऱ्यांदा तोच ताण धरत नाहीत. पुढच्या शॉकअपचे वरचे माउंटही नवेच घ्या. नायट्रोचार्जर सुटा येतो, त्यावर गाडीचंच जुनं माउंट चढवावं लागतं, आणि इतक्या वर्षांनी त्याचं रबर भेगाळलेलं असतं.

फिटिंगआधी चारही चाकांवर, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. चाकं बदलली तरी हे माप बदलत नाही. अलाइनमेंटचा जुना प्रिंटही काढून घ्या.

पुढचं काम असं. गाडी चॅसिसखाली घोड्या लावून उभी करायची, फक्त जॅकवर कधीच नाही. स्टॅबिलायझर लिंक सोडायची, ब्रेक होज आणि एबीएस वायरचे क्लॅम्प मोकळे करायचे, मग वरचा बॉल जॉइंट. इथे नकल (चाकाचा हब धरणारा भाग) तारेने किंवा पट्ट्याने बांधून ठेवा. ते बाहेर झुकलं तर ब्रेक होज ताणली जाते आणि आतला सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) निसटू शकतो. खालचा बोल्ट आणि वरचे नट काढले की स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी) बाहेर येतो. स्प्रिंग दाबायला भिंतीवर किंवा स्टँडवर पक्का बसवलेला कॉम्प्रेसरच हवा. दोन हुकांचा स्वस्त कॉम्प्रेसर या जाडीच्या स्प्रिंगवर घसरतो आणि सुटलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. जुळवणी करताना खालच्या डोळ्याची दिशा वरच्या माउंटच्या स्टडशी जुनीच ठेवा, त्यासाठी जुना स्ट्रट सोडण्याआधी रंगाची खूण करा. काही किटमध्ये डाव्या-उजव्या स्प्रिंग वेगळ्या असतात. नंबर वाचूनच चढवा.

मागच्या बाजूला वेळ खातो तो पाट्यांच्या पुढच्या डोळ्याचा बोल्ट. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या किनाऱ्याजवळच्या गाडीत तो बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. नाहीच सुटला तर ग्राइंडरने कापायचा, पण ठिणग्या डिझेलच्या टाकीकडे जाणार नाहीत अशी आड धरून. गॅस कटर अजिबात नको. टाकीच्या बाजूचा बोल्ट बाहेर यायला जागा मिळत नसेल तर टाकीचे पट्टे ढिले करून ती थोडी खाली घ्यावी लागते. हे माहीत नसलेला मिस्त्री बोल्ट उलटा घालून मोकळा होतो. पाटे बसवताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात पूर्ण बसलंय याची खात्री करा, मगच यू-बोल्टचे चारही नट तिरपे-तिरपे, थोडे थोडे करून टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या) आवळा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते शेवटच्या आवळणीकडे. रबर बुशचे बोल्ट, म्हणजे पुढचे आर्म आणि मागचे पाटे-शॅकल, चाकं हवेत असताना फक्त हाताने धरायचे. गाडी जमिनीवर आणून थोडी मागे-पुढे ढकलायची, ती आपल्या उंचीवर बसली की मग टॉर्क द्यायचा. लोंबत्या स्थितीत आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी एक-दोन सेंटिमीटर जास्त उंच दिसते (मालक खूश होतो) आणि काही महिन्यांत बुश फाटतो. पाच वर्षं टिकणारा बुश वर्षभरात गेला, तर कारण बहुतेक हेच.

दोन अनुभवी माणसांना सगळं मिळून एक पूर्ण दिवस लागतो. गंजकी गाडी असेल तर दोन दिवस धरा.

उंची वाढली की पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो. स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि महामार्गावर गाडी भरकटते. "टो (चाकांचा आत-बाहेरचा कल) करून दिलाय, झालं" म्हणणाऱ्या अलाइनमेंट सेंटरला खालच्या आर्मचे कॅम बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) फिरवायला सांगा आणि कॅस्टर जुन्या प्रिंटच्या जवळ आणून घ्या. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. हे कॅम बोल्टही गंजाने जाम होतात, म्हणून लिफ्टच्याच दिवशी काढून, साफ करून, ग्रीस लावून बसवलेले बरे. ४० मिमीपर्यंत एवढ्याने भागतं. ५० च्या पुढे वेगळे अप्पर आर्म आणि डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) खाली घेणारे स्पेसर लागतात, कारण सीव्ही जॉइंटचा कोन वाढून त्याचे रबरी बूट घासायला लागतात. तिथून पुढे खर्च आणि कटकट दोन्ही वाढतात. ४० वर थांबावं हे आमचं स्पष्ट मत आहे.

गाडी जागेवरून उचलताना १० ते ३० किमी वेगात खालून थरथर जाणवली तर टायर बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, लिफ्टने त्याचे कोन बदलतात. मधल्या सेंटर बेअरिंगखाली पातळ स्पेसर देऊन ते जरा खाली घेतलं की थरथर बहुधा जाते.

एक गैरसमज सर्रास आहे. सस्पेन्शन लिफ्टने मागचा डिफरन्शियल एक मिलिमीटरही वर जात नाही, तो टायरने जातो. मूळ २४५/७० आर१६ टायरचा व्यास सुमारे ७४९ मिमी. २६५/७० आर१६ चा ७७७. म्हणजे डिफरन्शियलखाली १४ मिमी जादा मिळतात आणि स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ने जात असते.

स्वस्त पर्याय म्हणून पुढे स्ट्रटवर स्पेसर आणि मागे पाट्यात एक पान वाढवणं गल्लोगल्ली चालतं. स्पेसरने उंची मिळते, पण जुना थकलेला शॉकअप तसाच राहतो आणि पान वाढवल्याने मागचं चाक खाली जायची जागा कमी होते. खडबडीत रस्त्यावर तीच जागा सगळ्यात जास्त लागते. याच कंपनीचा बीपी-५१ हा ५१ मिमी बोअरचा, बाहेरून जुळवता येणारा महाग शॉकअपही आहे. सतत वजन घेऊन लांबवर, कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्यालाच तो परवडण्यासारखा आहे. शेतावर ये-जा करणाऱ्याला नायट्रोचार्जर पुरेसा.

कायद्याची बाजू विक्रेता सांगत नाही. गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याचा दावाही अडू शकतो. शंका असेल तर मूळ उंचीचे, पण चांगल्या प्रतीचे शॉकअप आणि नवे पाटे घ्या. गाडीच्या वागण्यातली बहुतांश सुधारणा तेवढ्यानेही मिळते.

हेडलाइटचा झोत त्याच दिवशी खाली घ्या. ५०० किमीला आणि पुन्हा १,००० किमीला यू-बोल्टचा टॉर्क तपासा. तोवर स्प्रिंग ५ ते १० मिमी बसलेली असेल, चारही चाकांची मापं पुन्हा घ्या आणि अलाइनमेंट दुसऱ्यांदा करा. शॅकलच्या निपलमध्ये पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ग्रीस मारा, कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.