गुहागर ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने: भाड्याच्या गाडीचा एक दिवस

मार्गशीर्षात आम्ही अकरा जण, त्यांपैकी पाच जण सत्तरीच्या पुढचे, गुहागरहून रत्नागिरीला समुद्रालगतच्या रस्त्याने गेलो. त्यासाठी एका स्थानिक व्यावसायिकाकडून चालकासह दोन सातआसनी गाड्या दिवसभरासाठी घेतल्या होत्या. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे, कारण असा दिवस चांगला जातो की वाया जातो हे बव्हंशी चालकावर ठरते, असे माझे ठाम मत झाले आहे.

व्यावसायिकाने पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत सकाळी नऊला निघायचे असे होते. आदल्या संध्याकाळी पुढच्या गाडीचे चालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणू लागलो होतो, मुक्कामी आले आणि म्हणाले, "उद्या त्रयोदशी. भरती पावणेदहाची. सातला निघालात तर बामणघळ दिसेल, नऊला निघालात तर नुसता खडक दिसेल." तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तेराची पाऊणपट पावणेदहा. पुढे सुमारे सहा तासांनी, म्हणजे चारच्या आसपास, ओहोटी असणार आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही गणपतीपुळ्याला पोहोचणार, हेही त्यांनी तेव्हाच जुळवून ठेवले होते. छापील पत्रिकेत भरतीचा उल्लेखही नव्हता.

सातला निघालो. वेळणेश्वराला महादेवाचे दर्शन घेऊन माडांच्या सावलीत चहा झाला आणि साडेनवाच्या सुमारास हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाशी गाड्या लागल्या. तिथून खडकावरून थोडे चालत गेले की बामणघळ येते. ही कातळाला पडलेली एक लांब, अरुंद भेग आहे. भरतीचे पाणी तिच्यात शिरते, आत कोंडते आणि शेवटच्या टोकाला आदळून वर उसळते. पौर्णिमा दोनच दिवसांवर असल्याने भरतीला उधाणाचा जोर होता. आधी पायांखाली घुमल्यासारखा आवाज यायचा आणि मग पांढराशुभ्र स्तंभ आमच्या डोक्यांच्याही वर जाऊन खाली कोसळायचा. काकांनी आम्हांला पुढे जाऊ दिले नाही. "जिथवर कातळ ओला नि काळा दिसतोय, तिथवर लाट येते, कोरड्यावरच उभे राहा," असे त्यांनी प्रत्येकाला हाताने जागा दाखवून सांगितले. भरतीच्या वेळी त्या घळीजवळ जाणे खरोखरच धोक्याचे असल्याने ही एक सूचना मला सबंध दिवसाच्या भाड्याइतकी मोलाची वाटते.

दशभुज गणेशाचे दर्शन घेऊन आम्ही तवसाळच्या धक्क्यावर गेलो. तवसाळ आणि जयगड यांच्यामध्ये शास्त्री नदीची खाडी आहे. फेरीबोटीत गाडीसकट पलीकडे जाता येते. एरवी रस्त्याने फार मोठा वळसा पडतो. बोट यायला अर्धा तास होता, पण पलीकडे जायला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. जयगडचा किल्ला उन्हात पाहावा लागला, तरी जमिनीच्या बाजूने खोदलेला खंदक आणि बुरुजावरून दिसणारे खाडीचे मुख यांसाठी तिथे थांबायलाच हवे. ज्यांना चढणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी काकांनी गाडी सावलीत लावून दारे उघडी ठेवली. आमच्या मावशींचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी एक लाकडी पाट त्यांनी घरून आणला होता आणि दिवसभर प्रत्येक थांब्यावर, कोणी न सांगता, तो दाराखाली ठेवला.

जेवण मालगुंडला एका घरी आधी सांगून ठेवले होते; कुळथाचे पिठले, वालाचे बिरडे आणि सोलकढी. मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. तिथल्या स्मारकाचे उद्घाटन 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. छापील पत्रिकेत त्यासाठी दहा मिनिटे होती. आम्ही पाऊण तास थांबलो, आणि मराठी वाचणाऱ्या कोणीही त्याहून कमी थांबू नये.

गणपतीपुळ्याला ओहोटीमुळे वाळू लांबवर मोकळी झाली होती. डोंगरालाच स्वयंभू गणपती मानत असल्याने प्रदक्षिणा सबंध डोंगराला, सुमारे एक किलोमीटरची, घालावी लागते. आमच्यातल्या सात जणांनी ती केली. इथला समुद्र दिसतो तितका सौम्य नाही, त्यामुळे पाण्यात घोट्यापलीकडे कोणी गेले नाही. संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, इथे गाडी लावायलाही जागा मिळत नाही. तो दिवस टाळावा.

तक्रार दोन गोष्टींची आहे. मागची गाडी जुनी होती, तिच्या शेवटच्या आसनांपर्यंत गार हवा पोहोचत नव्हती आणि जयगडच्या चढावर तिथे बसलेल्यांना फार त्रास झाला. दुसरी गोष्ट अधिक खटकली: ठरलेल्या रकमेत सर्व काही धरले आहे असे फोनवर सांगितले असताना, शेवटी गाड्यांचे फेरीबोटीचे भाडे आणि गाड्या रिकाम्या परत नेण्याचे 1,400 रुपये वेगळे लावण्यात आले. कार्यालयाला फोन केल्यावर 700 रुपये कमी झाले. रक्कम मोठी नव्हती, परंतु हे आधी सांगितले असते तर आम्ही ती आनंदाने दिली असती. गाडी ठरवताना परतीचे रिकामे भाडे, बोटीचे तिकीट आणि चालकाचा भत्ता या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात, आणि गाडीचे नुसते नाव न विचारता ती किती वर्षांची आहे हेही विचारावे.

पुढच्या वर्षी आम्ही याच व्यावसायिकाकडे गाडी मागणार आहोत, पण काका येणार असतील तरच. आणि तारीख सुट्टी पाहून नव्हे तर पंचांग पाहून ठरवणार आहोत. आरे-वारेच्या वळणावर सूर्य बुडेपर्यंत त्यांनी आम्हांला अर्धा तास थांबू दिले होते. रत्नागिरीत सामान उतरवून झाल्यावर ते तो पाट फडक्याने पुसून पुढच्या आसनाखाली ठेवत होते, तेव्हा मावशींनी त्यांचा नंबर आपल्या वहीत लिहून घेतला.