तुळशीबाग: साडी नेसणाऱ्या बाबाच्या नजरेतून

तुळशीबागेबद्दल पुणेकरांना वेगळं काय सांगायचं? पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी राममंदिर बांधलं, त्याच्या भोवती कानातली, टिकल्या, भातुकली आणि स्टीलचे डबे वाढले, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण हा बाजार पाच फूट अकरा इंचाच्या, साडी नेसणाऱ्या आणि दोन मुली बरोबर असलेल्या बापाला कसा पडतो, हे कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून हे लिहितोय. बायको सोबत क्वचितच असते. तिला साडीचा कंटाळा. "माझ्या वाटच्या पण तूच नेस," असं तिने कधीचंच सांगून टाकलंय.

आधी बांगड्या, कारण खरी अडचण तिथेच. काचेच्या बांगडीची मापं सव्वादोन, अडीच, पावणेतीन अशी. डब्यावर 2.4, 2.8, 2.12 लिहिलेलं असतं, म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचा सोळावा भाग तितक्या वेळा. बहुतेक दुकानं 2.8 पर्यंत भरपूर माल ठेवतात, 2.10 मागितली की माळ्याकडे बघतात, आणि 2.12 म्हटलं की "मेटलमध्ये देऊ का?" सुरू होतं. माझं मनगट बारीक आहे, पण पंजाचं हाड रुंद, त्यामुळे बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडते. गल्लीच्या आतल्या बाजूला एक वयस्क कासार आहेत. धाकटीने त्यांना दुकानात शिरता शिरताच सांगून टाकलं, "मला लाल, बाबाला हिरव्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात ओढून घेतला आणि म्हणाले, "सैल सोडा. मूठ नका आवळू." बांगड्या भरताना दोन फुटल्या, त्यांचे पैसे घेतले नाहीत. एवढंच. बाकी एक शब्द नाही. माझ्या लेखी अख्ख्या बाजारातलं हे सर्वात चांगलं दुकान, पण नाव देत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

मी बहुतेक वेळा शर्ट-पँटवरच जातो. साडी नेसून गेलो तर मधल्या वारी, सकाळी दुकानं उघडताना. तेव्हाची गंमत अशी की लांबून "या ताई, बघा ना ताई" असा पुकारा येतो, मी तोंड उघडलं की "बोला दादा" होतं, आणि भाव एक रुपयाने हलत नाही. विक्रेत्यांना गिऱ्हाईक हवं असतं, बाकी चौकश्यांना त्यांच्याकडे वेळ नाही. त्रास झालाच तर गिऱ्हाइकांचा. एका बाईंनी सरळ मोबाइल वर केला. मी मान वळवणार तेवढ्यात थोरली म्हणाली, "काकू, विचारून काढतात फोटो." थोरली सात वर्षांची आहे. हे मी शिकवलेलं नाही, शाळेत शिकवत असावेत. मोबाइल पर्समध्ये गेला.

आणि हो, बालगंधर्वांचं नाव निघतंच. कौतुकाने निघतं, तक्रार नाही. पण बालगंधर्वांच्या, म्हणजे नारायणराव राजहंसांच्या, शालूची आणि केसांच्या ठेवणीची नक्कल त्या काळच्या बायका करत. मी दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारा माणूस, निऱ्या बऱ्या येतात, गाता येत नाही. मुलींना मी एवढंच सांगितलंय की बाबाला साडी आवडते. धाकटीला हे उत्तर पुरतं. थोरलीने मात्र एक अट घातली आहे, शाळेत पालकसभेला पँट घालायची. मी घालतो. शाळा तिची आहे.

परकर आणि ब्लाउज. तयार परकर अडतीस-चाळीस इंच उंचीचे मिळतात, मला बेचाळीस लागतो. तो इथे मिळत नाही, शिवूनच घ्या. साडीचा पन्हाही पंचेचाळीस-सेहेचाळीस इंच, म्हणजे कमरेला नेहमीच्या जागी खोचली की घोटे उघडे. मी परकर चार बोटं खाली बांधतो आणि सपाट चप्पल घालतो. तयार ब्लाउजांत शिवलेले अजिबात घेऊ नका. छातीचं माप जुळलं तरी खांद्यात तोकडा पडतो, मुंढ्यात काचतो आणि पुढचे टक पोकळ फुगून राहतात. ताणणारे होजिअरीचे चालतात. खणाचा ब्लाउज हवा असेल तर टेलरकडे जाण्याआधी लक्षात ठेवा, कर्नाटकातल्या गुळेदगुडच्या खणाचा पन्हा लहान. एका खणात रुंद खांद्याच्या माणसाचं भागत नाही, दोन घ्या, नाहीतर बाह्यांना जोड येतो.

कानातली मुबलक आहेत, पण माझे कान टोचलेले नाहीत. "प्रेसची दाखवा," म्हणायचं. वीस मिनिटांनी पाळ्या ठणकतात. गंगावनं छान मिळतात, मात्र केसांचा रंग उन्हात आणून जुळवा, आतल्या दिव्याखाली सगळीच काळी दिसतात.

आता ज्यासाठी बहुतेक आईबाप इथे येतात ती गोष्ट: मुलींची तयार नऊवारी. थोरलीच्या स्नेहसंमेलनासाठी घेतली. नऊशे सांगितले, साडेसहाशेला दिली, पाचशेलाही दिली असती असं आता वाटतं. काष्टा पायजम्यासारखा शिवलेला, निऱ्या टाकून घट्ट केलेल्या, पदर फक्त पिन करायचा. दिसायला झकास. पण काठाची जर आतून उघडी असते आणि मांडीला टोचते. आतून सुती पट्टी लावून घ्या किंवा खाली लेगिंग घाला. दुसरं, मागची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा, लावणीची पहिली बैठक मारली की तीच उसवते. तिसरं कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो: हुकवाली घेऊ नका, इलॅस्टिकचीच घ्या. स्टेजवर जायच्या दोन मिनिटं आधी पोरींना शू लागतेच. त्या दिवशी विंगेत बाकीच्या आया हुकांशी झगडत होत्या. मग मीच दोघी-तिघींच्या निऱ्या परत बसवून दिल्या. "तुम्हाला हे कसं येतं?" एकीने विचारलं. थोरलीने उत्तर दिलं, "तो नेसतो ना घरी." पुढे कोणी काही विचारलं नाही, फक्त अजून एक पोरगी माझ्यापुढे उभी केली.

भातुकलीबद्दल लिहीत नाही. धाकटीला तिथून उचलून आणावं लागतं, त्यामुळे माझं मत निष्पक्ष नाही.

गाडी आणू नका. 2024 मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून आम्ही मेट्रोनेच येतो. साडीत सरकत्या जिन्यावर निऱ्या डाव्या हातात उचलून धरा, उजवा हात धाकटीला.

माणसांना पाचपैकी साडेचार, मापांना दोन. 2.12 च्या वरच्या हिरव्या काचेच्या बांगड्या पुण्यात कुठे मिळत असतील तर कृपया खाली कळवा. मेटलच्या नकोत, त्या आहेत माझ्याकडे.