चिपवर ५ अँपियर, आत ३० अँपियर: करंट सेन्सरची फसवणूक

घरी गुंडाळलेली मोटर १२० टक्के कार्यक्षम निघाली, तर आनंद करण्याआधी करंट सेन्सर तपासा. आमच्या लॉगमध्ये नेमका हाच आकडा आला होता. १२ व्होल्टवर चालणारी मोटर, पुलीवर दोरीचा ब्रेक, दोरीच्या दोन्ही टोकांना ताणकाटे. काट्यांमधला फरक १०० ग्रॅम, पुलीची त्रिज्या २० मिलिमीटर, मिनिटाला ३००० फेरे. म्हणजे साधारण ६.२ वॅट बाहेर. सेन्सर वाचणाऱ्या आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या नोंदीत मात्र करंट ०.४३ अँपियर, म्हणजे आत फक्त ५.१ वॅट. घेते त्याहून जास्त देणारी मोटर असूच शकत नाही, तेव्हा खोट मोजमापात होती.

खोट निघाली करंट सेन्सरमध्ये, म्हणजे एसीएस७१२ चिपच्या मॉड्यूलमध्ये. ही चिप ५, २० आणि ३० अँपियर अशा तीन प्रकारांत मिळते. बोर्ड तिन्हींचा सारखाच, फरक फक्त चिपचा. एका अँपियरला ती अनुक्रमे १८५, १०० आणि ६६ मिलिव्होल्ट देते. आम्ही पैसे मोजले ५ अँपियरचे, चिपवर छापलंही तेच होतं, म्हणून स्केचमध्ये, म्हणजे आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये, १८५ घातलं. आत चिप होती ३० ची. त्यामुळे खरे १.२ अँपियर लॉगमध्ये ०.४३ झाले. खरी कार्यक्षमता ४३ टक्के. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा चिपवर फिरवला, तर बोळा काळा झाला आणि खाली घासल्याचे ओरखडे दिसले. जुनी अक्षरं घासून, वर काळा थर देऊन नवी छापली होती. ही चूक नव्हे, ही लबाडी आहे.

विक्रेत्याचं उत्तर एकच: तुमचा कोड चुकला असेल. तोवर माल परत करायची मुदतही संपली होती. या फसवणुकीचं खरं बळ इथेच आहे. सेन्सर सगळ्यात आधी मागवला जातो, मोटर गुंडाळून फिरती व्हायला काही आठवडे जातात, आणि सेन्सर पहिल्यांदा वापरात येतो तो मुदत उलटल्यावर.

म्हणून पार्सल आलं त्याच दिवशी ही चाचणी करा. १० ओहम, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर सेन्सरमधून १२ व्होल्टला जोडा. १.२ अँपियर वाहतील. मल्टीमीटर १० अँपियरच्या सॉकेटवर घेऊन सिरीजमध्ये लावा आणि खात्री करा. रेझिस्टर सडकून तापतो, टेबलाच्या सनमायकावर ठेवू नका. आता सेन्सरचं आउटपुट जोडलेल्या आर्डुइनोच्या अ‍ॅनालॉग पिनच्या ५०० रीडिंगची सरासरी घ्या. करंट नसताना आकडा ५१२ च्या आसपास असतो. करंट सुरू झाल्यावर तो ४५ ने हलला तर चिप ५ अँपियरची, २५ ने हलला तर २० ची, आणि १६ नेच हलला तर ३० ची. तारा उलट लागल्या असतील तर आकडा तेवढाच खाली जाईल.

विक्रेत्यावर आरोप करण्याआधी ५ व्होल्टच्या पिनवर खरंच ५ आहेत का ते मोजा. यूएसबीवर ते ४.७ पर्यंत उतरलेले असतात आणि सेन्सरचं आउटपुट त्याच प्रमाणात उतरतं. दुसरं, ही चिप चुंबकीय क्षेत्रावरच चालते, त्यामुळे मोटरची मॅग्नेट जवळ असली तर शून्य सरकतं. १५ सेंटिमीटर तरी लांब ठेवा. मात्र या दोन्ही कारणांनी १.२ चे ०.४३ होत नाहीत.

वाइंडिंगच्या तारेतही अशीच भेसळ चालते: ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर. २४ गेजची १० मीटर तार तांब्याची असेल तर सुमारे २२ ग्रॅम भरते. ती १० ग्रॅमच्या आत भरली तर रीळ परत करा.

पार्सल उघडताना आणि चाचणी करताना सलग व्हिडिओ काढा, बिल जपून ठेवा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

चाचणीत चिप ३० चीच निघाली असेल, तर जुन्या लॉगमधले अँपियर २.८ ने गुणले की खरे आकडे मिळतात. पण बिनभाराचा करंट त्यातून नीट सापडणार नाही. या चिपवर रीडिंगची एक पायरी ७४ मिलिअँपियरची पडते, बिनभाराचा करंट १५० मिलिअँपियर असेल तर त्या जेमतेम दोन पायऱ्या. ते मोजमाप खऱ्या ५ अँपियरच्या चिपवर पुन्हा घ्यावं लागेल.